कोपर, कापूस आणि कायदा : तबल्याचा हात दुखावला त्याची गोष्ट

तिरकिट (चोपडा)

मंडळी, हा धागा काढायला उशीरच झाला. मागच्या दिवाळीत दुखावलेला उजवा हात या दिवाळीला कुठे ताळ्यावर आला. आता घरी चाळीस मिनिटं सलग वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलताना दचकत नाही. म्हणून आज लिहायला बसलो.

मी तबला शिकवतो. आठवड्यातून दोन दिवस शिकवणीसाठी चोपड्याहून जळगावला जातो. बाकी भजनं, सप्ताह, श्रावणात कानबाईच्या रात्री. पोट एकट्या तबल्यावर भरत नाही. थोडी शेती आहे आणि भावाचं किराणा दुकान आहे.

मागच्या वर्षी तबल्याच्या विशारद पूर्ण परीक्षेचा फॉर्म भरला, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राचा. रोजचा रियाज तासाभराचा होता. दिवाळीची सुट्टी लागली तसा एकदम पाच तासांवर गेलो. तबलाही नवा, पुडी (वरचं कातडं) कडक, आणि साथीला बाई गाणार म्हणून काळी चारला, म्हणजे उंच स्वराला, चढवलेला. त्याच पंधरवड्यात कापूस वेचायला मजूर मिळेना. आई एकटीच ओटी बांधून शेतात जायला लागली, मग मीही गेलो. सकाळी कापूस, दुपारी रेला (जलद बोलांची रचना), संध्याकाळी मोटारसायकल. उजवं मनगट वर मुडपून रेस धरून तास-सव्वा तास. हे तीन हिशेब तेव्हा मी वेगवेगळ्या वह्यांत लिहीत होतो. हाताची वही एकच होती.

पहिल्यांदा कळलं ते पंचा पिळताना. कोपराच्या बाहेरच्या अंगाला जे हाड हाताला लागतं, त्याच्या जरा खाली चमक निघाली. दोन दिवसांनी दुधाचं पातेलं उचलेना. गंमत म्हणजे तबल्यावर बसलं की पहिली दहा मिनिटं दुखायचं, मग हात गरम झाला की पळायचं. मला वाटलं, झालं, रियाजानेच बरं होतंय. रात्री ठणका. मेडिकलवरून गोळ्या आणल्या. गोळी घेऊन धिरधिर (जलद, हात दमवणारा बोल) वाजवलं. (हे वाक्य लिहिताना आता लाज वाटते.)

परीक्षा कशीबशी दिली. नंतर एका डॉक्टरांनी कोपरात इंजेक्शन दिलं. तीन दिवसांत दुखणं गायब! मी लगेच गावच्या सप्ताहात दोन रात्री वाजवलं. महिना-सव्वा महिना बरा गेला आणि मग दुखणं दुपटीने परत आलं. तेव्हा घाबरलो आणि उलट्या टोकाला गेलो. फेब्रुवारी-मार्च दोन महिने तबल्याची खोळसुद्धा काढली नाही. एप्रिलमध्ये वाटलं बरा झालो. एक साधा कायदा (तबल्यावरची बोलांची ठरीव रचना), मध्य लय, वीस मिनिटं. चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

मग धुळ्याच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेलो. त्यांनी हात बघायच्या आधी तबला वाजवून दाखवायला सांगितला. मी टेबलावरच 'तिरकिट' वाजवलं. त्या म्हणाल्या, "बोल पडणाऱ्या बोटाने वाजतो, पण दमतो तो बोट उचलणारा स्नायू." वीस वर्षं वाजवतोय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बोटं आणि मनगट वर उचलणारे स्नायू पुढच्या हातावरून कोपराच्या बाहेरच्या हाडाला बांधलेले असतात. मनगटाचं काम, दुखणं कोपरात. रेस धरून मनगट वर मुडपलेलं ठेवतात तेही हेच स्नायू, पंचा पिळताना ताणले जातात तेही हेच. लोक याला टेनिस एल्बो म्हणतात. मी आयुष्यात रॅकेट धरलेली नाही.

व्यायाम अगदी बाळबोध दिला. सुरुवातीला दोन आठवडे फक्त जोर लावून धरायचं: हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, तळवा खाली, हातात वजन, पंचेचाळीस सेकंद हलायचं नाही. असं पाच वेळा, मध्ये दोन-दोन मिनिटं विसावा. मग खरा व्यायाम. डाव्या हाताने उजवं मनगट वर उचलून द्यायचं आणि मग उजव्याने वजन हळूहळू खाली सोडायचं. वजन म्हणून भावाच्या दुकानातलं अर्ध्या किलोचं लोखंडी माप घेतलं. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून ती मापं पडूनच होती. खाली सोडताना सेकंद मोजायचा कंटाळा यायचा, म्हणून मी सोळा मात्रांचा तीनताल धरला. समेला (पहिल्या मात्रेला) मनगट वर, खालीला (नवव्या मात्रेला) तळाशी. आठ मात्रा सोडण्यात, आठ मात्रा डाव्या हाताने परत उचलून आणण्यात. पंधरा आवर्तनं, तीनदा. लय वाढवायची नाही, ही सगळ्यात अवघड अट.

ताईंचा दुखण्याचा नियम असा: दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या सकाळइतकंच हवं. जास्त असेल तर एक पायरी मागे. मी वही केली. त्यात रोज सकाळी चहाचा कप उचलायचा आणि आकडा लिहायचा.

तबल्यावर परत आलो तो पाच मिनिटांवर. खरंच पाच, मोबाईलवर वेळ लावून. जुना तबला काढला, पांढरी दोनचा (खालच्या स्वराचा), पुडी मऊ. पहिले तीन आठवडे दादरा आणि ठेका, दर तिसऱ्या दिवशी दोन-दोन मिनिटं वाढवत. तिरकिट सहाव्या आठवड्यात. धिरधिर सगळ्यात शेवटी, पोळ्याच्या सुमारास. मधे दोनदा घसरलो. एकदा विद्यार्थ्याला 'असं वाजव' म्हणून दाखवण्याच्या नादात, आणि एकदा लग्नघरी गॅसचं सिलिंडर उचलून.

आणखी एक. तळवा खाली ठेवून वस्तू उचलली की दुखायचं, तळवा वर ठेवून उचलली तर नाही. वर्षभर पिशवी, तांब्या, पातेलं, सगळं तसंच उचललं. आईला वाटायचं हा भिक्षा मागतोय.

तुमचे अनुभव लिहा. बाकीच्या वाद्यांवर काय होतं ते कळेल.

---

कळणाभाकरी

वाचनखूण साठवली. माझा तबला नाही, पण दिवसभर माऊस असतो आणि कोपराचं दुखणं शब्दशः हेच आहे. पंच्याचं वाचून उडालोच.

---

भाता (भुसावळ)

तिरकिटदादा, फार छान लिहिलंत. मी पेटी शिकवते. माझं दुखणं डाव्या हाताचं, अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला. मला वाटलं भाता मारून मारून झालंय. अर्धं खरं निघालं.

मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. दिवसातून पन्नासदा तिला बगलेत हात घालून उचलायचे, अंगठे ताणलेले, मनगटं वाकलेली. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणानंतर बायकांना हे फार होतं. याचं नाव डी क्वेर्वां. अंगठा बाहेर खेचणाऱ्या दोन दोऱ्या मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात. बोगदा जाड झाला की त्या घासतात. त्यात माझा भाता. पेटी जुनी, भात्याच्या घडीला भेग पडलेली. हवा गळायची, आणि मी स्वर टिकवायला दुप्पट वेगाने भाता मारायची. वर्षभर हे लक्षातच आलं नाही, कारण गळका भाता हळूहळू गळका होतो.

पट्टा घातला, अंगठा बांधलेला, सहा आठवडे. मुलीला तळव्यांवर उचलायला शिकले. आणि भाता दुरुस्त करून आणला. परत आणल्यावर पहिल्यांदा भाता दाबला तर एका दाबात अख्खी ओळ निघाली! तेव्हा रडूच आलं, दुखण्यामुळे नव्हे. मी वर्षभर स्वतःला दोष देत होते ना.

शिकवणीतल्या मुलांच्या पेट्या आता मी आधी तपासते. भाता भरून, एकही पट्टी न दाबता सोडून द्यायचा. लगेच बसला तर दुरुस्ती, मगच सरगम.

---

जुनाजाणता

सगळं वाचलं. राग मानू नका, पण आमच्या वेळी हात दुखला म्हणून कुणी वहीत आकडे लिहीत नव्हतं. गुरुजी म्हणायचे, दुखला तर दुखू दे, हात तयार होतोय. लोकांनी चाळीस दिवसांचे चिल्ले (कोंडून घेऊन अखंड रियाज) केले. तुमची पिढी जरा नाजूक आहे. पाच मिनिटांचा रियाज म्हणजे काय रियाज?

---

पांझरेकाठी (धुळे)

मी फिजिओथेरपिस्ट. (तिरकिट यांच्या त्या 'ताई' मी नव्हे, आधीच सांगते. पण त्यांनी सांगितलं ते योग्यच.)

काका, तुमच्या प्रतिसादातलं अर्धं बरोबर आहे. हात कामानेच तयार होतो. स्नायू हाडाला जोडणारी दोरी, म्हणजे कंडरा किंवा टेंडन, तिच्यावर भार पडला की तीही घट्ट होत जाते. पण तिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तिची दुरुस्ती स्नायूपेक्षा फार सावकाश चालते. स्नायू दोन आठवड्यांत तयार होतो आणि 'चल' म्हणतो. दोरी अजून तयार नसते. तासाचे पाच तास एका रात्रीत केले की नेमकं हेच होतं. चिल्ला करणारा माणूस त्याआधी वर्षानुवर्षं रोज सहा-आठ तास वाजवत असायचा. त्याच्यासाठी चाळीस दिवस ही उडी नव्हती. शिवाय चिल्ल्यात ज्यांचे हात गेले ते सांगायला मैफलीत आले नाहीत.

आता दोन-तीन गोष्टी वाचकांसाठी.

टेंडनच्या दुखण्याला सर्रास टेंडनायटिस म्हणतात. त्या शब्दात 'दाह' आहे. नवं दुखणं असेल तर ठीक. पण तीन-चार महिने जुनं झालं की दोरीत सूज फारशी उरत नाही. आतले तंतू विस्कटलेले असतात, सुतळीचा पीळ सुटावा तसे. म्हणून सुजेच्या गोळ्यांनी दुखणं झाकलं जातं, दोरी सुधरत नाही. आणि म्हणूनच नुसती विश्रांतीही पुरत नाही. विसावलेली दोरी आणखी कमजोर होते. तिरकिट यांचं एप्रिलमधलं हेच झालं.

इंजेक्शनबद्दल. कोपराच्या या दुखण्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन पहिल्या काही आठवड्यांत फार छान वाटतं. पण वर्षभराने पाहिलं तर इंजेक्शन घेतलेले रुग्ण न घेतलेल्यांच्या मागे पडलेले दिसतात. हे एकाहून जास्त अभ्यासांत आलं आहे. उलट भाताताईंच्या डी क्वेर्वांमध्ये किंवा बोट अडकून खटकन उघडतं त्या ट्रिगर फिंगरमध्ये तेच इंजेक्शन बऱ्याचदा उत्तम काम करतं. त्यामुळे 'इंजेक्शन वाईट' असं सरसकट कुणी म्हणू नका. कुठे, कशासाठी, ते बघा.

(डी क्वेर्वां हे स्विस सर्जन होते. १८९५ साली त्यांनी हे दुखणं लिहून ठेवलं. तेव्हा मोबाईल नव्हते. आता अंगठ्याने तासन्‌तास टाईप करणारेही माझ्याकडे हेच घेऊन येतात.)

मुंग्या आणि बधिरपणा वेगळा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होऊन झोप मोडत असेल, हात झटकून बरं वाटत असेल, तर ती मनगटात दबलेली शीर असू शकते. करंगळीत मुंग्या असतील तर कोपराच्या आतल्या बाजूची. त्यावर कोपराचे व्यायाम करत बसू नका, दाखवून घ्या. बोटातली ताकद जात असेल तर आठवडाही थांबू नका.

मधुमेह आणि थायरॉईड. चाळिशीच्या पुढे हाताच्या या तक्रारी घेऊन कुणी आलं की मी आधी साखर विचारते. एकदोघांना मधुमेह असल्याचं असंच कळलं.

आणि एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स टेंडनला त्रास देऊ शकतात, क्वचित दोरी तुटतेही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढे किंवा सोबत स्टेरॉईड चालू असेल तर धोका जास्त. लघवीच्या जंतुसंसर्गाला, जुलाबाला ही औषधं सर्रास दिली जातात. औषध चालू असताना टाच किंवा कोपर नव्याने दुखायला लागलं तर डॉक्टरांना लगेच सांगा आणि तेवढे दिवस वाद्य बाजूला ठेवा.

---

जुनाजाणता

ऑफ्लॉक्सासिन मला मागच्या महिन्यात दिलं होतं. टाच दुखतेय. चालण्याने असेल म्हणत होतो.

---

पांझरेकाठी (धुळे)

काका, उद्या नको, आजच फोन करा डॉक्टरांना. तोवर जिने चढणं आणि फिरायला जाणं बंद.

---

टिपरू२००३ (नंदुरबार)

मी ढोलपथकात आहे. आमच्याकडे दुखतं ते मनगट आणि खांदा. सराव जुलैत सुरू होतो, पहिल्याच आठवड्यात रोज अडीच तास. वर्षभर ढोलाला हात नाही आणि मग एकदम! नवीन पोरं टिपरू असं आवळून धरतात की बोटं पांढरी होतात. टिपरू कुणाचं जाड, कुणाचं बारीक, कुणी बघत नाही. ढोल कमरेला बांधल्यावर खाली घसरतो, मग एक खांदा वर आणि एक खाली ठेवून दीड तास. काय करावं?

---

पांझरेकाठी (धुळे)

सराव जूनमध्ये सुरू करा, ढोलाशिवाय. टायरवर, वीस मिनिटं, एक दिवसाआड. टिपरू अंगठा आणि तर्जनीने धरा, बाकी तीन बोटं नुसती टेकलेली. कुणी मागून अलगद ओढलं तर ते हातातून निसटायला हवं, हीच परीक्षा. ढोल बांधताना एकाने दुसऱ्याचा बांधायचा, स्वतःचा स्वतः बांधला की तो तिरकाच बसतो. अडीच तासांतली चाळीस मिनिटं ताशेवाल्यांना द्या, तेवढ्यात हात उतरवा. पथकप्रमुख ओरडतील. त्यांना कंबर दाखवायला माझ्याकडे पाठवा.

---

सप्ताहवाला (अमळनेर तालुका)

भाऊ, मना बी हातले आसंच व्हयेल व्हतं. मी पखवाज वाजवतो, पंचवीस वर्षं झाली. तुम्ही तबलेवाले निदान बसून वाजवता. आम्ही कीर्तनात उभे, गळ्यात पखवाज, मान पुढे.

सप्ताहात माझ्या मनात एक गोष्ट नेहमी येते. विणा आठ दिवस खाली ठेवायचा नसतो, म्हणून विण्याला पहारा असतो. दोन-दोन तासांनी विणेकरी बदलतो. पखवाजवाला मात्र बदलत नाही. पहाटे काकडा, दुपारी भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि कीर्तन रंगलं की जागर. एकच माणूस. पुन्हा पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मळायची तीही त्यानेच!

काकडा सगळ्यात वाईट. माघात पहाटे साडेचारला आमच्याकडे बोटं वाकत नाहीत आणि पहिलाच अभंग चढ्या लयीत. आता मी पाऊण तास आधी उठतो. शेकोटीपाशी हात शेकतो, मग तीच कणीक दोन्ही हातांनी दहा मिनिटं मळतो. कणकेचा गोळा सैल होतो तसा हातही सैल होतो. पहिले दोन अभंग मी धिमेच वाजवतो. टाळकऱ्यांनी पुढे ओढलं तरी जात नाही. सुरुवातीला भांडणं झाली.

तिरकिटभाऊ, तुम्ही सप्ताहात वाजवताना विसावा कसा घेता?

---

तिरकिट (चोपडा)

घेत नव्हतो, म्हणून तर हा धागा काढावा लागला. आता आधीच सांगतो, सलग पंचवीस मिनिटांवर नाही. कार्यक्रमात घरच्या निम्मं, असं ताईंनी बजावलंय. घरी हात दुखला की आपण थांबतो. समोर माणसं बसली की थांबत नाही. दोन आमंत्रणं या अटीवर गेली. वाईट वाटलं.

विण्याच्या पहाऱ्याचं मात्र जबरदस्त निरीक्षण आहे. विण्याला नियम आहे कारण विणा खाली ठेवला तर सप्ताह मोडतो. पखवाजवाल्याचा हात मोडला तर सप्ताह चालूच राहतो, म्हणून नियम नाही. तुमच्या मंडळाकडे हे मांडून बघा ना.

जुनेजाणते काका, टाच कशी आहे?

---

जुनाजाणता

औषध बदलून दिलं. आठ दिवस सक्तीने बसून आहे, सून उठू देत नाही. ते वहीचं काय म्हणत होतात तुम्ही, सकाळी आकडा लिहायचा तो? एक ते दहा का?

---

भाता (भुसावळ)

शून्य ते दहा, काका. आणि रोज एकाच गोष्टीवर मोजायचं. दादांचा चहाचा कप, माझं मुलीच्या डब्याचं झाकण. तुम्ही पलंगावरून उतरताना टाकलेलं पहिलं पाऊल धरा.

---

टिपरू२००३ (नंदुरबार)

टिपरू ओढून बघायचा प्रयोग काल केला. अठरा जणांतल्या दोघांच्या हातातून निसटलं. ते दोघे सगळ्यात जुने वाजवणारे निघाले.

---

सप्ताहवाला (अमळनेर तालुका)

मंडळाच्या बैठकीत विषय काढला. आधी हसले. मग अध्यक्ष म्हणाले की मागच्या वर्षी तू पाचव्या दिवशी हाताला पट्टी बांधून वाजवलंस ते मी पाह्यलं होतं. दुसरा वादक घ्यायला मंजुरी मिळाली. मानधन फार नाही, श्रीफळ, टोपी, भाडं, आणि शेवटच्या दिवशी काल्याला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. माघ शुद्धात सप्ताह आहे. आता दुसरा वादकच मिळत नाही. कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

तिरकिट (चोपडा)

पखवाजावर माझा हात कच्चा आहे, तबला घेऊन आलो तर चालेल का? चालत असेल तर येतो. पण फक्त हरिपाठाला, वीस मिनिटं. आणि मोटारसायकलने नाही, एसटीने.